खुबा मोडलेल्या आजीचे ताट

घरातली आजी पहाटे ओसरीवरून उतरताना घसरते, खुब्याचे हाड मोडते आणि भुसावळला किंवा जळगावला नेऊन शस्त्रक्रिया करावी लागते. काही दिवसांनी आजी घरी येते. हाड डॉक्टरांनी सांधले, पुढचे काम चुलीपाशी आहे. आजीला मधुमेह असेल तर घोटाळा इथेच होतो.

साखर वाढेल या धाकाने घरची मंडळी तिचे ताटच लहान करतात. सकाळी बिनसाखरेचा चहा नि टोस्ट, दुपारी अर्धी भाकरी नि पातळ वरण, रात्री तांदळाची पेज. गोड काही दिले नाही म्हणून सगळे समाधानी! पण टोस्टची आणि पेजेचीही पोटात साखरच होते. जखम भरायला लागणारी प्रथिने मात्र त्यात नावालाच. खाटेवर पडून मांड्यांचे मांस आधीच झडत असते. मग वॉकर धरून उभे राहण्याचे बळ येणार कुठून? साखर फार चढती राहिली तर जखम चिघळते, हेही खरे. म्हणून साखर तपासत राहावी, पण जेवण तोडू नये.

आजीचे वजन 50 किलो असेल तर तिला दिवसाला साधारण 60 ग्रॅम प्रथिने हवीत. त्यासाठी डबाबंद पावडरच हवी असे नाही. आपल्या खानदेशातली कळण्याची भाकरी घ्या. ज्वारीत उडीद दळलेला असल्याने ती नुसत्या ज्वारीपेक्षा सरस. अशा दोन भाकरी, दोन वाट्या घट्ट डाळ, अर्धा लिटर दूध-दही, दोन अंडी आणि मूठभर फुटाणे एवढ्यात हिशेब जमतो. अंडी चालत नसतील तर मोड आलेली मटकी आणि पनीर वाढवावे. दात नसतील तर भाकरी डाळीत कुस्करावी. ज्वारीने साखर वाढतच नाही, हा समज मात्र सोडावा. भाकरी मोजूनच द्यावी. मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रथिने किती द्यायची, हे डॉक्टरांनाच विचारावे.

आता केळ्यांचे. आपल्या भागात आजाऱ्याला भेटायला येणारा केळ्यांची फणी घेऊनच येतो. केळे काही विष नव्हे. अर्धे केळे, तेही जेवणानंतर नव्हे तर मधल्या वेळी द्यावे. उरलेली फणी नातवंडे संपवतील.

एक धोका घरच्या सर्वांनी ओळखून ठेवावा. इन्सुलिन दिले आणि आजी जेवलीच नाही, तर साखर एकदम उतरते. घाम सुटतो, हात थरथरतात, माणूस बरळू लागतो. साखर 70 च्या खाली गेली असेल, किंवा तपासायची सोय नसेल, तर पाण्यात तीन चमचे साखर विरघळवून लगेच पाजावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता दवाखाना गाठावा. म्हणून ताट समोर आल्यावाचून सुई टोचू नये. ती किती नि केव्हा, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे.

आणि जेवण खाटेवर आडवे ठेवून भरवू नका. उंच खुर्ची चुलीजवळ आणा, वॉकरने तिला तिथवर चालत येऊ द्या. पाटावर मांडी घालून बसणे मात्र डॉक्टर सांगेपर्यंत बंद.