दोन नद्यांच्या बेचक्यातले मंद्रूप

सोलापूर शहराच्या नळाला येणाऱ्या पाण्याचा मोठा हिस्सा भीमा नदीकाठच्या टाकळी येथून उपसला जातो. शहरातून विजापूर रस्त्याने निघाले, की आधी वडकबाळला सीना नदी ओलांडावी लागते, मग मंद्रूप येते आणि त्यापुढे टाकळी. टाकळीनंतर भीमा आणि पलीकडे कर्नाटक. सोलापूरपासून वीस-पंचवीस किलोमीटरवरचे मंद्रूप बहुतेक शहरवासीयांना खिडकीतून दिसणारे गाव एवढेच ठाऊक असते. शहराचे पाणी, दोन राज्यांमधली मालवाहतूक आणि एकेकाळी सुलतानांच्या फौजा याच टापूतून गेल्या. या सगळ्यातून गावाच्या पदरात काय पडले, हा मंद्रूपच्या इतिहासातला खरा प्रश्न आहे.

कुडलचा शिलालेख

सीना आणि भीमा यांच्या बेचक्यात हा प्रदेश वसला आहे. दोन्ही नद्यांचा संगम दक्षिण सोलापूर तालुक्यातच हत्तरसंग कुडल येथे होतो. 'कूडल' या कन्नड शब्दाचा अर्थच संगम. महात्मा बसवेश्वरांशी निगडित असलेले कूडलसंगम मात्र वेगळे. ते बागलकोट जिल्ह्यात आहे.

हत्तरसंग कुडलच्या संगमेश्वर मंदिरातील एका तुळईवर शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ मधील लेख कोरलेला आहे. 'वाछि तो विजेया होईवा', म्हणजे हा लेख जो वाचील तो विजयी होईल, असे त्यातील मराठी वाक्य वाचले गेले. सोलापूरचे शिलालेख अभ्यासक आनंद कुंभार यांनी तो प्रकाशात आणला. आक्षी आणि श्रवणबेळगोळ येथील लेखांच्या काळाविषयी अभ्यासकांत मतभेद असले, तरी आद्य मराठी लेखांच्या चर्चेत कुडलचे स्थान आता पक्के आहे. शेजारच्या हरिहरेश्वर मंदिराचे अवशेष १९९९ च्या सुमारास उत्खननातून बाहेर आले. तेथील ३५९ मुखांचे शिवलिंग पाहण्यासाठी आज पर्यटक येतात. ज्या गावाचे नाव कन्नड, त्याच गावात मराठीचा इतका जुना पुरावा सापडावा, यातच या भागाचा स्वभाव दिसतो.

फौजांची वाट

अहमदनगरची निजामशाही आणि विजापूरची आदिलशाही यांच्यात सोलापूरच्या किल्ल्यावरून सोळाव्या शतकात वारंवार लढाया झाल्या. सोयरिकी जुळवताना हा किल्ला आंदण म्हणून देण्याचे करार झाले आणि ते मोडलेही. पुढे १६८६ मध्ये विजापूर जिंकण्यासाठी औरंगजेब सोलापूरच्या छावणीतूनच दक्षिणेकडे निघाला. सोलापूर आणि विजापूर यांच्या मधोमध असलेल्या या सपाट, उघड्या मुलखात लपायला डोंगर नव्हते आणि आडोशाला दाट जंगलही नव्हते. उभ्या पिकातून जाणारी फौज कोणाची आहे, याने कुणब्याच्या नुकसानीत फारसा फरक पडत नसे.

इंग्रजी अमदानीत १८३८ मध्ये सोलापूर जिल्हा आकाराला आला, तेव्हा त्यात बार्शी, मोहोळ, माढा, करमाळ्याबरोबर इंडी, हिप्परगी आणि मुद्देबिहाळ हेही भाग होते. यांपैकी इंडी आणि मुद्देबिहाळ आज कर्नाटकात आहेत. म्हणजे ज्या भीमेला आज राज्याची सीमा मानले जाते, तिच्या दोन्ही तीरांवर तेव्हा एकाच जिल्ह्याचा कारभार चाले.

रेषा आली, नाती राहिली

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचनेत विजापूर म्हैसूर राज्यात गेले आणि सोलापूर मुंबई राज्यात राहिले. १९६६ मध्ये नेमलेल्या महाजन आयोगाच्या १९६७ च्या अहवालात दक्षिण सोलापूर तालुक्यातील गावे कर्नाटकाला देण्याची शिफारस होती. महाराष्ट्राने अहवाल फेटाळला. नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकाचे तत्कालीन मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी सोलापूर आणि अक्कलकोटच्या कन्नडभाषक भागावर दावा सांगितला, तेव्हा हा प्रश्न पुन्हा पेटला.

राजकारणात भाषा वादाचे कारण ठरते. येथील घरांत मात्र ती सोयीची गोष्ट आहे. लिंगायत, धनगर, मराठा, मुस्लिम, दलित अशा सर्व समाजांच्या या मुलखात अनेकांच्या बोलण्यात मराठी आणि कन्नड सहज मिसळतात. सोयरिकी नदीपलीकडे होतात. तालुक्यात कन्नड माध्यमाच्या सरकारी शाळाही आहेत. मार्गशीर्षातील वेळा अमावस्येला शेतकरी कुटुंबे गाडग्या-मडक्यांतून अंबील, उंडे आणि भज्जी घेऊन शिवारात जातात व पिकात पूजा मांडतात. हा सण कन्नड मुलखात 'एळ्ळ अमावास्ये' म्हणून ओळखला जातो. सणाचे नाव भाषेगणिक थोडे बदलते, काळी जमीन आणि पूजेची वेळ तीच राहते.

ज्वारी, ऊस आणि पाणी

या जमिनीचे मूळ पीक रब्बी ज्वारी. सोलापूर जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्याचा भरवशाचा भाग सप्टेंबरात येतो. ती ओल खोल काळ्या मातीत साठून राहते आणि तिच्यावरच थंडीत ज्वारी पोसते. मोहोळच्या संशोधन केंद्रातून निघालेला 'मालदांडी ३५-१' हा वाण या भागात रुजला, कारण तो माणसाला भाकरी आणि जनावराला कडबा दोन्ही देतो. सोलापूरच्या कडक भाकरीची कीर्ती या ज्वारीवरच उभी आहे.

गेल्या काही दशकांत पाणी पोहोचले तेथे उसाने ज्वारीची जागा घेतली. मंद्रूपच्या पुढे भंडारकवठ्याला साखर कारखाना उभा राहिला. परंतु पाण्याचा हिशेब सोपा नाही. सोलापूरची तहान भागवण्यासाठी उजनीचे पाणी भीमेत सोडले जाते आणि औज व चिंचपूर बंधाऱ्यांत अडवले जाते. शहराला प्रत्यक्ष लागते त्याच्या कित्येक पट पाणी त्यासाठी नदीत सोडावे लागते. बंधारे भरेपर्यंत नदीकाठचे उपसे आणि त्यांची वीज हा दर उन्हाळ्यातील वादाचा विषय ठरतो. दुसरीकडे, सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला आलेल्या महापुराने काठची पिके आणि घरे पाण्याखाली गेली आणि विजापूर महामार्गावरील वाहतूक थांबवावी लागली. ज्यांच्या जमिनी टंचाईत कोरड्या राहतात, त्यांनाच पुराची झळ बसावी, असा हा भूगोल आहे.

रस्त्यावरचे गाव

दक्षिण सोलापूर तालुक्याचे मुख्यालय सोलापूर शहरातच आहे. तालुक्याच्या नावाचे गाव तालुक्यात नाही, म्हणून त्या जागेवर आपसूकच मंद्रूप आले. पोलीस ठाणे, ग्रामीण रुग्णालय आणि अलीकडे अपर तहसील कार्यालय यांमुळे आसपासच्या खेड्यांची कामे येथे होऊ लागली. जवळच्या 'तेरामैल' चौकाचे नाव मैलाच्या दगडांच्या काळाची आठवण देते. फेब्रुवारी २०२१ मध्ये सोलापूर-विजापूर महामार्गावर १८ तासांत एका मार्गिकेचे २५.५४ किलोमीटर डांबरीकरण करण्यात आले आणि त्या कामाची देशभर चर्चा झाली.

रस्ता रुंद झाला तशी लगतच्या जमिनींवर नजरही वळली. औद्योगिक वसाहतीसाठी जमिनी घेण्याच्या प्रस्तावाविरुद्ध २०२२ च्या सुमारास येथील शेतकऱ्यांनी आंदोलन केले. सातबारा उताऱ्यावरची एमआयडीसीची नोंद काढावी, ही त्यांची मागणी होती. गावात रोजगार नाही म्हणून तरुण पुणे-मुंबईकडे जातात, हे खरे. पण त्या रोजगारासाठी जमीन द्यावी लागली तर मागे उरलेल्यांनी कशावर जगावे, हाही प्रश्न तितकाच खरा आहे.

सोलापूर शहर विजापूर रस्त्याने दक्षिणेकडे पसरत आहे. पाणी, जमीन आणि उद्योग यांचे निर्णय शहराच्या गरजा समोर ठेवून होत राहिले, तर वाटेवरच्या गावाचा विचार शेवटी होईल. मंद्रूपकरांची मागणी फार मोठी नाही: बंधाऱ्यातील पाणी आणि सातबारावरील नोंद यांचा निर्णय घेण्यापूर्वी त्यांना विचारले जावे.