औषध, डोळे आणि 'कारण' नावाचा प्रश्न

मागच्या व्याख्यानात आपण 'कारण' म्हणजे काय, याचा तात्त्विक विचार केला. आज तोच प्रश्न न्यायालयात कसा उभा राहतो, ते एका खऱ्या प्रकरणातून बघू.

अमेरिकेत एल्मिरॉन नावाचं औषध आहे. मूळ द्रव्य पेंटोसन पॉलिसल्फेट सोडियम. इंटरस्टिशियल सिस्टायटिस, म्हणजे मूत्राशयाचं एक चिवट दुखणं, त्यावर ते देतात. १९९६ साली एफडीएने त्याला मान्यता दिली. दुखणं जुनाट, त्यामुळे गोळ्या वर्षानुवर्षं चालतात. २०१८ साली एमरी विद्यापीठाच्या नेत्रतज्ज्ञांनी सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. सगळे हे औषध दीर्घकाळ घेणारे, आणि सगळ्यांच्या दृष्टिपटलाच्या मध्यभागी रंगद्रव्याचे वेगळेच बदल. वाचायला त्रास, अंधुक उजेडात नजर बसायला वेळ. जून २०२० मध्ये औषधाच्या माहितीपत्रकात इशारा आला. डिसेंबरात संघीय न्यायालयांतले दावे न्यू जर्सीत एकत्र आणले गेले.

आता बघा, इथे एक नाही, तीन प्रश्न आहेत.

पहिला: हे औषध मुळात डोळ्यांना असा अपाय करू शकतं का? आपल्या न्यायशास्त्रातली अन्वय-व्यतिरेकाची कसोटी आठवा. औषध आहे तिथे अपाय आहे, औषध नाही तिथे अपाय नाही. पण व्यवहारात हे सरळ नसतं. वयोमानानेही दृष्टिपटल झिजतं, आणि ते बदल वरवर सारखे दिसू शकतात. म्हणून पुष्कळ रुग्णांची तुलना करावी लागते. जास्त काळ, जास्त मात्रा घेतलेल्यांत अपाय जास्त आहे का, ते तपासावं लागतं.

दुसरा: समोर उभ्या असलेल्या या बाईंच्या डोळ्यांना अपाय झाला तो औषधानेच का? सामान्य नियम सिद्ध झाला म्हणून प्रत्येक व्यक्तीबाबत तो आपोआप सिद्ध होत नाही.

तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दुष्परिणाम कुठल्या औषधाला नाहीत? नुसता अपाय झाला म्हणून कंपनी दोषी ठरत नाही. कायदा विचारतो, तुम्हाला धोका माहीत होता का, किंवा माहीत असायला हवा होता का? आणि तुम्ही तो वेळेवर सांगितलात का? 'असायला हवा होता' या शब्दांत सगळं नीतिशास्त्र आलं. वर्षानुवर्षं औषध विकणाऱ्याला 'आम्हाला कोणी सांगितलं नाही' म्हणता येत नाही. शोध घेणं हेही त्याचं कर्तव्य.

यात आणखी एक मेख आहे. तिथल्या बहुतेक राज्यांत इशारा रुग्णाला नव्हे, डॉक्टरांना दिला की पुरतो. म्हणजे रुग्णाला दाखवावं लागतं की डॉक्टरांना आधी कळलं असतं तर त्यांनी वेगळा निर्णय घेतला असता. जे घडलंच नाही, ते सिद्ध करायचं! आपल्याकडच्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही अपुऱ्या इशाऱ्यासाठी उत्पादकाला जबाबदार धरता येतं. आणि तज्ज्ञाच्या देखरेखीखाली वापरायच्या वस्तूबाबत, तज्ज्ञाला योग्य इशारा दिला असेल तर, सूटही आहे.

एल्मिरॉनचे बरेच दावे पुढे तडजोडीने मिटले. पण तडजोडीत पैसे मिळतात, उत्तर मिळत नाही. शिवाय हा अपाय औषध थांबवल्यावरही वाढू शकतो. गेलेली नजर भरपाईने येत नाही.

मग इशाऱ्याचा उपयोग काय? इशारा म्हणजे बंदी नव्हे. वेदना असह्य असलेला एखादा रुग्ण धोका कळूनही गोळी घेईल, मात्र अधूनमधून डोळे तपासून घेईल. दुसरा नको म्हणेल. दोघंही बरोबर असू शकतात. डोळे ज्याचे, निर्णय त्याचा. आणि माहितीशिवाय दिलेली संमती ही संमतीच नव्हे.

तेव्हा, ऐकून घाबरून कुणी आपलं औषध परस्पर बंद करू नका. डॉक्टरांना एवढंच विचारा: 'हे किती दिवस घ्यायचं, आणि मध्ये काय तपासायचं?'