नको असलेले फोन

दुपारी ओटा आवरून जरा पाठ टेकावी, तोच हॉलमधला फोन खणखणतो. धावत जाऊन घ्यावा, तर पलीकडून गोड आवाजात कुणी कर्ज देऊ करते, कुणी विमा, कुणी प्लॉट. मोबाईलवर निदान नंबर तरी दिसतो. घरच्या जुन्या फोनवर तेही नाही. बरे, फोन काढून टाकावा तर सासूबाईंना आणि गावाकडच्या मंडळींना तोच नंबर पाठ!

यावर पहिला उपाय फुकटचा आहे. ज्या फोनवर त्रास होतो त्याच फोनवरून १९०९ फिरवायचा आणि आपला नंबर नोंदवायचा. जाहिरातीचे सगळेच फोन नकोत असे सांगता येते, किंवा बँक-विमा, घरे-जागा, शिक्षण यांतले नको ते प्रकार निवडता येतात. अशी नोंदवही आपल्याकडे २००७ पासून आहे. सध्याचे नियम २०१८ चे.

पण एवढ्याने घंटा अगदी बंद होईल असे समजू नका. नियम पाळणाऱ्या कंपन्या तेवढ्या थांबतात. जाहिरातीच्या फोनांना १४० ने सुरू होणारे नंबर ठरवून दिलेले आहेत. जो साध्या दहा आकडी नंबरावरून माल खपवतो, तो नोंदवही कशाला बघेल? त्याची तक्रारही १९०९ वरच करायची, आणि आपण नाव नोंदवलेले नसले तरी करता येते. २०२५ पासून त्यासाठी सात दिवसांची मुदत आहे, पूर्वी तीनच होती. मात्र तक्रारीला त्याचा नंबर हवा. म्हणून नंबर दिसणारे यंत्र घ्या आणि ती सोय आपल्या लाईनवर चालू आहे का, हे कंपनीला विचारा. काही यंत्रांत नको तो नंबर अडवताही येतो. विक्रेते रोज नंबर बदलतात, त्यामुळे त्यांच्यापुढे हे बटण फारसे चालत नाही. पुन्हापुन्हा छळणाऱ्या एखाद्यासाठी ते खरे उपयोगी. फोनशेजारी एक वही ठेवा. तारीख, वेळ, नंबर, काय बोलला, सगळे हजेरीपटासारखे रोजच्या रोज भरायचे.

'आज रात्री वीज तोडू', 'तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे' असे धमकावणारे फोन तर निव्वळ लुटारूंचे. फोनवर अटक करण्याची तरतूद आपल्या कायद्यात कुठेच नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हे चारदा सांगून ठेवा. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० ला कळवा. समोरचा बोलत असताना रिसीव्हर ठेवणे आपल्याला उद्धटपणाचे वाटते ना? नेमक्या त्या भिडेवर ही माणसे जगतात.

आता खरे दुखणे. फोन घ्यावा आणि पलीकडून कुणी बोलूच नये. असे दोन-तीनदा झाले की घरात नजरा फिरतात. 'तू घेतलास की बोलतात, आम्ही घेतला की गप्प!' कॉलेजातल्या मुलीला किंवा नव्या सुनेला हे ऐकावे लागते, आणि ती बिचारी फोनजवळ जायचेच सोडते. अहो, यातले कितीतरी फोन यंत्राने लावलेले असतात! विक्री करणाऱ्यांची यंत्रे एकाच वेळी अनेक नंबर फिरवतात. आपण उचलला आणि तिकडची एकही मुलगी मोकळी नसली, की आपल्याला नुसती शांतता ऐकू येते. तेव्हा पोरीला बोल लावण्याआधी वही काढून बघा.

पण पलीकडून श्वास ऐकू आला, कुणी घाणेरडे बोलले, तर ती गोष्ट निराळी. फोन घेताना आपले नाव कधी सांगू नये, 'कोण हवंय?' एवढेच विचारावे. रागावूही नये, त्याला तेच हवे असते. मुकाट्याने रिसीव्हर ठेवावा आणि त्याच दिवशी नवऱ्याला, सासूबाईंना सांगावे, म्हणजे पुढे कुणी 'आधी का नाही बोललीस' म्हणायला नको. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत बाईची अब्रू दुखावणाऱ्या बोलण्याला कलम ७९ आणि नको म्हटल्यावरही मागे लागण्याला कलम ७८ आहे. नंबर दिसत नसला म्हणून अडत नाही. कुठून फोन आला ते कंपनी आपल्याला सांगत नसली, तरी पोलिसांना ती नोंद मागवता येते. लेखी अर्ज द्या, वहीतल्या तारखा आणि वेळा त्यात उतरवा, आणि आपल्या प्रतीवर पोहोच घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नका.