मिरचीची परीक्षा वजनकाट्यावर संपत नाही

मुंबईत भोईवाड्याहून लालबागची मिरची गल्ली जवळच. एप्रिल-मेमध्ये वर्षाचा मसाला करायला तिथे येणारी गृहिणी रंगासाठी बेडगी घेते, चवीसाठी संकेश्वरी, तिखटासाठी मूठभर लवंगी. मिरची मोडून पाहते, देठ आणि साल तपासते, भाव विचारते आणि मग वजन करायला सांगते. शेतावर नव्या वाणाची चाचणी होते तेव्हा मात्र नजर आधी जाते ती तोड्याच्या वजनाकडे. भाजीच्या हिरव्या मिरचीसाठी ते योग्यच आहे. पण जी मिरची वाळून मसाल्यात जायची आहे, तिची निवड वाळलेल्या मालावर, रंगावर आणि तिखटपणावर व्हायला हवी, आणि तीही चाचणीच्या पहिल्या हंगामापासून.

हे का, ते चाचणीच्या रीतीतच दिसतं. एकाच शेतात कुठे पाणी साचतं, कुठे माती हलकी असते. म्हणून प्रत्येक वाणाचे वाफे शेतात तीन-चार ठिकाणी, चिठ्ठ्या टाकल्यासारखे विखरून लावतात आणि सोबत एक प्रचलित वाण तुलनेसाठी ठेवतात. कडेच्या ओळींना ऊन आणि मोकळी जागा जास्त मिळते, म्हणून त्यांची झाडं हिशेबात धरत नाहीत. रोग पाहायचा तर आणखी काळजी लागते. पांढऱ्या माशीमुळे पसरणारा चुरडा-मुरडा शेतभर सारखा येत नाही, त्यामुळे मधूनमधून मुद्दाम रोगाला बळी पडणाऱ्या वाणाच्या ओळी लावाव्या लागतात. औषध फवारलेल्या शेतात तग धरलेलं झाड खरंच काटक आहे की फवारणीने वाचलं, हे कळत नाही. एवढी खबरदारी घेऊन केलेल्या चाचणीत शेवटी फक्त ताजं वजन मोजलं, तर मसाल्याच्या मिरचीबाबत उत्तर अर्धंच मिळतं. 100 किलो ताज्या लाल मिरचीची वाळून साधारण 25 ते 35 किलो होते. हा फरक लहान नाही. ताज्या वजनात पुढे असलेला रसाळ, जाड सालीचा वाण वाळल्यावर मागे पडू शकतो.

शेतकरी वजनावर जगतो, रंगावर नाही, असा आक्षेप येईल. पण सुक्या मिरचीचा शेतकरी वाळलेलं वजनच विकतो आणि बाजारात रंगालाही भाव असतो. कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगी गावाचं नाव मिरवणाऱ्या बेडगी मिरचीला 2011 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं; ती ओळखली जाते सुरकुतलेल्या सालीसाठी, गडद रंगासाठी आणि कमी तिखटपणासाठी. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: तिखटपणा ऊन-पाण्याप्रमाणे बदलतो, मग मोजून काय साधणार? उत्पादनही बदलतंच. म्हणूनच तर चाचण्या अनेक ठिकाणी आणि अनेक हंगामांत घेतात. तिखटपणाला वाणाचा अनुवंशही कारण असतो. एकाच शेतात, एकाच दिवशी तोडलेल्या दोन वाणांची तुलना हवामानाच्या फरकाने बिघडत नाही. प्रयोगशाळेचा खर्च मात्र खरा आहे. स्कोव्हिल या अमेरिकी औषधशास्त्रज्ञाने 1912 मध्ये तिखटपणाची माणसांच्या जिभेवर आधारलेली मोजणी सुचवली. आज यंत्रं अचूक आहेत, पण प्रत्येक नमुन्याला पैसे पडतात. त्यावर उपाय आहे: सगळ्या वाणांचं फक्त वाळलेलं वजन घ्यावं आणि त्यातून निवडलेल्या मोजक्यांचाच रंग-तिखटपणा यंत्रावर तपासावा.

जुने वाण तसेच जपले की काम झालं, असंही मला वाटत नाही. मिरचीचं झाड स्वतःच्या परागाने फळ धरतं, तरी मधमाश्या शेजारच्या वाणाचा पराग आणतातच. त्यामुळे जाळीत किंवा अंतर राखून बी धरलं नाही, तर काही पिढ्यांत संकेश्वरीची संकेश्वरी राहत नाही. आणि चुरडा-मुरड्याला तोंड देण्याचा गुण तिच्यात आणायचा असेल, तर पैदास करावीच लागेल. तेव्हा नव्या वाणाची तुलना मूळ संकेश्वरीशीच व्हावी, आणि वाळवून व्हावी. राहुरी, दापोली, अकोला आणि परभणीच्या कृषी विद्यापीठांनी मसाल्याच्या मिरचीच्या वाणाची शिफारस करताना हेक्टरी वाळलेलं उत्पादन आणि रंगाचा आकडा पहिल्या रकान्यात छापावा.