पागोळीचे पाणी पिंपात

भिलाई म्हटले की पोलादाचा कारखाना आठवतो. १९५९ साली येथील पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि देशभरातून आलेल्या कुटुंबांचे शहर वसले. त्यात मराठी घरेही होतीच. मे महिन्याच्या कडक उन्हात बागेला पाणी घालताना मात्र गृहिणीचा हात आखडतो.

याच शहरात वर्षाला हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. पन्नास चौरस मीटरच्या गच्चीवर चार मिलिमीटरची सर आली, की दोनशे लिटरचे पिंप भरते!

पहिल्या एक-दोन पावसांचे पाणी वाहू द्या. त्यात गच्चीवरची धूळ, पाला असतो. नंतर पन्हळीच्या नळाला जाळी लावून पाणी पिंपात घ्या. बाग, फरशी, संडास यांसाठी ते उत्तम. पिण्यासाठी मात्र वापरू नये. पिंप भरल्यावरचे पाणी खडी-वाळूच्या शोषखड्ड्यात सोडावे. उन्हाळ्याची खरी बेगमी जमिनीच्या पोटातच होते.

एक सावधगिरी हवीच. २०१८ साली भिलाईत डेंग्यूने अनेकांचे बळी घेतले. या रोगाचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो आणि अंडी भांड्याच्या कडेला चिकटवतो. म्हणून पिंपावर घट्ट झाकण किंवा बारीक कापड बांधा आणि आठवड्यातून एकदा ते रिकामे करून आतून खसखसून घासा. पाणी राखताना घरच्यांचे आरोग्यही राखले जाईल.