ग्राहकाची शक्ती

पेट्रोलचा भाव वाढला की सामान्य माणूस हळहळतो. तेलाच्या विहिरी दूर देशी, शुद्धीकरणाचे कारखाने दुसऱ्यांच्या ताब्यात. तेव्हा आपल्या हाती काय आहे, असे त्याला वाटते. परंतु भाव एकटा विकणारा ठरवीत नाही. घेणाराही तो ठरवीत असतो. विसाव्या शतकातील एका संकटाने ही गोष्ट स्पष्ट केली.

१९७३ च्या ऑक्टोबरमध्ये पश्चिम आशियात युद्ध पेटले. अरब राष्ट्रांनी तेलाचे उत्पादन घटविले व काही देशांना तेल देणे बंद केले. सुमारे ३ डॉलरला मिळणारे खनिज तेलाचे पिंप काही महिन्यांतच जवळजवळ १२ डॉलरवर गेले. हॉलंडमध्ये ४ नोव्हेंबरपासून रविवारी मोटारी चालविण्यास बंदी झाली आणि मोकळ्या रस्त्यांवर सायकली फिरू लागल्या. अमेरिकेने १९७४ मध्ये मोटारींचा वेग ताशी ५५ मैलांपर्यंत मर्यादित केला. १९७९ मध्ये इराणात क्रांती होऊन भाव पुन्हा भडकले. तेव्हा लोक थोड्या तेलात अधिक अंतर कापणाऱ्या लहान मोटारी घेऊ लागले. कित्येक वीजकेंद्रांनीही तेलाऐवजी कोळसा वा अणुशक्ती स्वीकारली.

परिणामी जगातील तेलाचा खप घटत गेला. शिवाय उत्तर समुद्रात व अलास्कात नव्या विहिरी सुरू झाल्या होत्या. माल पुष्कळ आणि गिऱ्हाईक थोडे, अशी स्थिती झाली. उत्पादकांनी भाव सावरण्याची खटपट केली. तथापि १९८६ मध्ये तो निम्म्याहूनही खाली कोसळला.

एका दिवसाच्या बहिष्काराने मात्र असे घडत नाही. आज न घेतलेले पेट्रोल मनुष्य उद्या घेतोच. मग विक्रेत्याचे काय बिघडले? खप कायमचा घटला, तरच बाजार हलतो.

भारत आपल्या गरजेच्या खनिज तेलापैकी चार-पंचमांशांहून अधिक परदेशांतून आणतो. पंपावरील भावात करांचाही मोठा वाटा असल्यामुळे काटकसरीने तो लगेच उतरेल असे नाही. पण घरचा खर्च मात्र त्याच दिवशी कमी होतो. जवळच्या कामाला पायी जाणे, बसने प्रवास करणे, चाकांत योग्य हवा राखणे, गाडी उभी असता यंत्र बंद करणे, ही कामे लहान खरी. परंतु कोट्यवधी लोकांनी ती नित्य केली, तर त्यांची दखल तेलाच्या बाजारालाही घ्यावी लागते.