लहान देश, मोठी मैदानं (भाग ८) : पन्नास वर्षं संघ नसलेला देश

गेल्या आठवड्यात आपण आइसलँडच्या फुटबॉलची गोष्ट पाहिली. एवढ्याशा लोकसंख्येतून अकरा जण कसे उभे राहतात, हा तिथला प्रश्न होता. आज ज्या देशाबद्दल लिहितो आहे, त्याचा प्रश्न मला अधिक अवघड वाटतो. लिथुआनिया हा देश १९४० साली जगाच्या नकाशावरून पुसला गेला. त्याच्या स्वातंत्र्याला पुन्हा मान्यता मिळाली ती १९९१च्या सप्टेंबरमध्ये. आणि १९९२च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे वर्षही भरलं नव्हतं तेव्हा, या देशाच्या पुरुष बास्केटबॉल संघानं ऑलिंपिकचं कांस्यपदक जिंकलं. मधली पन्नास वर्षं जो संघ अस्तित्वातच नव्हता, तो इतका तयारीचा कसा निघाला?

आधी आकार लक्षात घेऊ. बाल्टिक समुद्राच्या काठावरच्या या देशात आज जेमतेम २९ लाख माणसं राहतात. २०११च्या जनगणनेत एकट्या पुणे शहरात याहून जास्त माणसं मोजली गेली होती. एवढ्या लोकसंख्येला बास्केटबॉल एका अर्थानं सोयीचाही आहे. मैदानात एका वेळी पाच, संघात बारा. दोन-तीन असामान्य खेळाडू एकाच पिढीत निपजले तर अख्खा संघ बदलून जातो. शिवाय तिथला हिवाळा लांब आणि काळोखी, त्यामुळे छपराखाली खेळायचा खेळ शाळा-शाळांतून रुजायला वाव होता. पण अशी थंडी आणि अशी लोकसंख्या इतर देशांकडेही आहे. म्हणून खरं उत्तर इतिहासात शोधावं लागतं.

अमेरिकेहून आलेली माणसं

लिथुआनिया १९१८ साली स्वतंत्र झाला. व्हिल्नियस हातात नसल्यामुळे राजधानीचा कारभार काउनास या शहरातून चालायचा. देशातली हजारो कुटुंबं त्याआधीच पोटापाण्यासाठी अमेरिकेत गेली होती. त्यातलाच एक स्टेपोनास दारियुस. लहानपणी अमेरिकेत गेला, पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यातून लढला आणि १९२० साली मायदेशी परतला. लिथुआनियात त्याची ओळख आहे ती वैमानिक म्हणून. १९३३ साली न्यूयॉर्कहून काउनासकडे निघालेलं त्याचं विमान मुक्कामाच्या अलीकडे कोसळलं. तो आणि त्याचा साथीदार गिरेनास, दोघेही गेले. पुढे देशाच्या १० लितांच्या नोटेवर या दोघांची चित्रं आली. याच दारियुसनं बास्केटबॉलचे नियम लिथुआनियन भाषेत पुस्तकरूपानं आणले होते.

पण नियम माहीत असणं वेगळं आणि खेळता येणं वेगळं. १९२५ साली शेजारच्या लाटव्हियाविरुद्धच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय सामन्यात लिथुआनियानं सपाटून मार खाल्ला. पुढची काही वर्षंही फार वेगळी गेली नाहीत. चित्र पालटलं ते अमेरिकेत जन्मलेले, तिथल्या महाविद्यालयांत खेळलेले लिथुआनियन वंशाचे तरुण येऊ लागल्यावर. फेलिक्सास क्रियाउच्युनास आणि प्रानास ताल्झूनास हे त्यांतले महत्त्वाचे. हे लोक स्वतः खेळले तर खरेच, पण त्यांनी स्थानिक मुलांना शिकवलं. चेंडू एका हातानं कसा फेकायचा, बचावात कुठं उभं राहायचं, धावत असताना पास कसा द्यायचा, ही सगळी उजळणी रोजच्या रोज चालायची.

१९३७ साली युरोपीय अजिंक्यपद स्पर्धा लाटव्हियाच्या रीगा शहरात भरली. लाटव्हिया गतविजेता होता. लिथुआनियाकडून कोणालाच अपेक्षा नव्हती, आणि तरी अंतिम सामन्यात त्यानं इटलीला २४–२३ असं हरवलं. आजच्या सामन्यात एका पावभागातही एवढे गुण होतात, पण तेव्हाचा खेळ संथ होता आणि एकेका बास्केटचं मोल मोठं होतं. एका गुणाच्या त्या विजयानंतर देशभर बास्केटबॉलचं वेड पसरलं.

काउनासचा हॉल

विजेत्या देशाला पुढची स्पर्धा भरवायची होती, आणि लिथुआनियाकडे तसा हॉलच नव्हता. मग काही महिन्यांत काउनासमध्ये नवा क्रीडा हॉल उभा केला गेला. अभियंता होते आनातोलियुस रोझेनब्लियुमास. खास बास्केटबॉलसाठी बांधलेला युरोपातला हा पहिला हॉल मानला जातो. एका छोट्या, तरुण देशानं आपल्या पैशातून, घाईघाईत आणि तरीही टिकाऊ असं काही बांधलं, ही गोष्ट मला पदकाहून मोठी वाटते. त्याचं कारण पुढे येईल.

१९३९च्या मे महिन्यात स्पर्धा याच हॉलमध्ये झाली. संघाचा खेळाडू-प्रशिक्षक होता प्रानास लुबिनास. जन्म लॉस एंजेलिसचा, अमेरिकेतलं नाव फ्रँक लुबिन. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या अमेरिकी संघात तो होता. उंची दोन मीटरच्या घरात, त्या काळी अचंबा वाटावा अशी. सामना लाटव्हियाशी. शेवटच्या क्षणांत लाटव्हिया एका गुणानं पुढे होता, आणि लुबिनासच्या बास्केटनं निकाल ३७–३६ असा फिरला. अमेरिकेत जन्मलेले खेळाडू घेतल्याबद्दल प्रतिस्पर्ध्यांनी कुरकुर केली, पण एकही सामना न हरता लिथुआनियानं अजिंक्यपद राखलं.

युरोपीय स्पर्धेची पहिली तीन विजेतेपदं अशी दोन बाल्टिक देशांत वाटली गेली : १९३५ लाटव्हिया, १९३७ आणि १९३९ लिथुआनिया. १९४०च्या जूनमध्ये सोव्हिएत फौजा आल्या आणि दोन्ही देश संपवले गेले. त्यानंतर नाझी आले, १९४४ साली पुन्हा सोव्हिएत आले. कितीतरी माणसं सायबेरियाला पाठवली गेली, कितीतरी पश्चिमेकडे पळाली. राष्ट्रीय संघ संपला.

दुसऱ्याच्या जर्सीत

खेळाडू मात्र संपले नाहीत. १९४७ साली सोव्हिएत संघ पहिल्यांदा युरोपीय स्पर्धेत उतरला आणि जिंकला, तेव्हा त्यात स्टेपास बुताउतास यांच्यासारखे काउनासचे खेळाडू होते. १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकच्या रौप्यपदकातही लिथुआनियनांचा वाटा होता. १९७२ला म्युनिकमध्ये शेवटच्या तीन सेकंदांत अमेरिकेला ५१–५० असं हरवणाऱ्या सोव्हिएत संघाचा कर्णधार होता मोदेस्तास पाउलाउस्कास, लिथुआनियाचाच. जगभरच्या वर्तमानपत्रांत या सगळ्यांची नोंद ‘रशियन’ अशी व्हायची.

देशाच्या नावानं खेळता येत नव्हतं तेव्हा लोकांनी जीव लावला तो एका क्लबवर. काउनासचा झाल्गिरिस हा तो क्लब, आणि त्याचं घर १९३९चाच तो हॉल. १९८०च्या दशकात प्रशिक्षक व्लादास गारास्तास यांच्या हाताखाली तिथं एक विलक्षण पिढी तयार झाली. आर्विदास साबोनिस हा २२१ सेंटिमीटर उंचीचा सेंटर, पण त्याची दृष्टी गार्डची. बास्केटकडे पाठ करून उभा असताना मागून धावत येणाऱ्या साथीदाराच्या हातात तो अचूक चेंडू ठेवायचा. जोडीला लांबून नेम धरणारा रिमास कुर्तिनाइतिस आणि खेळाची लय सांभाळणारा वाल्देमारास खोमिचुस. १९८५, १९८६ आणि १९८७ अशी सलग तीन वर्षं झाल्गिरिसनं सीएसकेए मॉस्को या लाल सैन्याच्या क्लबला मागे टाकून सोव्हिएत अजिंक्यपद मिळवलं. रस्त्यावर आपला झेंडा लावणं गुन्हा होतं. हॉलमध्ये मॉस्कोविरुद्ध घसा फुटेपर्यंत ओरडायला मात्र बंदी घालता येत नव्हती.

१९८८च्या सोल ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत संघानं उपांत्य फेरीत अमेरिकेला ८२–७६ आणि अंतिम फेरीत युगोस्लाव्हियाला नमवून सुवर्णपदक घेतलं. बारा जणांच्या त्या संघात चौघं लिथुआनियन होते : झाल्गिरिसचे तिघं, आणि चौथा व्हिल्नियसच्या क्लबकडून खेळणारा, काउनासमध्ये वाढलेला शारूनास मार्चुल्योनिस. सोव्हिएत लोकसंख्येत लिथुआनियाचा वाटा जेमतेम सव्वा टक्का होता, आणि सुवर्णपदक विजेत्या संघात एक तृतीयांश.

बार्सिलोना, १९९२

११ मार्च १९९० रोजी लिथुआनियानं स्वातंत्र्य पुन्हा जाहीर केलं. सोव्हिएत संघातून खेळणं तिथल्या खेळाडूंनी थांबवलं. १३ जानेवारी १९९१ला व्हिल्नियसच्या टीव्ही टॉवरपाशी सोव्हिएत रणगाडे नि:शस्त्र लोकांवर चालून गेले, माणसं मारली गेली. त्यानंतर काही महिन्यांत सोव्हिएत महासंघच कोसळला.

नव्या देशाकडे खेळाडू होते, पण पैसा नव्हता. मार्चुल्योनिस तेव्हा कॅलिफोर्नियात गोल्डन स्टेट वॉरियर्सकडून एनबीएमध्ये खेळत होता. वॉरियर्सचे सहायक प्रशिक्षक डॉनी नेल्सन यांना बरोबर घेऊन त्यानं निधी गोळा करायला सुरुवात केली. सॅन फ्रान्सिस्कोच्या वर्तमानपत्रात बातमी आली आणि ती ‘ग्रेटफुल डेड’ या तिथल्या रॉक बँडपर्यंत पोचली. बँडनं पैसे दिले, आणि सोबत टी-शर्टही दिले : आपल्या बांधणीसारखे रंगवलेले, लिथुआनियाच्या झेंड्यातल्या पिवळ्या, हिरव्या आणि लाल रंगांचे, छातीवर बास्केटमध्ये चेंडू कोंबणारा एक सांगाडा.

प्रशिक्षक पुन्हा गारास्तास. उपांत्य फेरीत समोर आली अमेरिकेची ‘ड्रीम टीम’. १२७–७६ हा निकाल सगळं सांगतो. खरी लढाई कांस्यपदकाची होती, कारण तिथं गाठ पडली ती पूर्वीच्या सोव्हिएत प्रजासत्ताकांच्या संयुक्त संघाशी. साखळीत याच संघाकडून लिथुआनिया ९२–८० असा हरला होता. समोर अलेक्सांद्र वोल्कोव होता, चारच वर्षांपूर्वी सोलमध्ये खांद्याला खांदा लावून खेळलेला. ८ ऑगस्टला लिथुआनियानं हा सामना ८२–७८ असा जिंकला. ज्या खेळाडूंनी दुसऱ्याच्या जर्सीत सुवर्ण मिळवलं होतं, त्यांना आपल्या झेंड्याखालचं कांस्य त्याहून मोठं वाटलं, हे त्यांनी पुढे वारंवार सांगितलं आहे. पदक घ्यायला संघ गेला तो त्याच रंगीबेरंगी टी-शर्टात.

त्यानंतरची तीस वर्षं

बार्सिलोनाचं यश एका पिढीपुरतं राहिलं नाही. १९९६ला अटलांटात आणि २०००ला सिडनीत पुन्हा कांस्य. सिडनीच्या उपांत्य सामन्यात अमेरिकेविरुद्ध ८३–८५ अशी स्थिती असताना शारूनास यासिकेविचुसनं अखेरच्या क्षणी लांबून फेकलेला चेंडू बास्केटमध्ये गेला नाही. त्या संघात साबोनिस नव्हता, हे विसरून चालणार नाही. २००३ला स्वीडनमध्ये अंतिम सामन्यात स्पेनला ९३–८४ असं हरवून संघानं ६४ वर्षांनी युरोपीय अजिंक्यपद परत आणलं. २०१०च्या जागतिक स्पर्धेत कांस्य, २०१३ आणि २०१५ला युरोपात रौप्य. २०२३ला मनिलातल्या विश्वचषकात लिथुआनियानं अमेरिकेला ११०–१०४ असं हरवलं. त्या दिवशी संघाचे पहिले नऊच्या नऊ थ्री-पॉइंटर बास्केटमध्ये गेले होते.

पराभवही तितकेच ठळक आहेत. २०११ला युरोपीय स्पर्धा लिथुआनियातच होती, आणि काउनासच्या नव्या अरीनात उपांत्यपूर्व फेरीत मॅसिडोनियानं यजमानांना ६७–६५ असं घरी बसवलं. २०२१ला टोकियोची पात्रता फेरीही काउनासलाच होती. तिथं स्लोव्हेनियाच्या लुका दोन्चिचनं दरवाजा बंद केला. लिथुआनियाहूनही छोटा असा तो देश. पॅरिस ऑलिंपिकलाही पाच जणांचा संघ पोचला नाही. तिघांच्या प्रकारात मात्र लिथुआनियाच्या चमूनं कांस्य आणलं. आज जगभर बास्केटबॉल पसरला आहे, आणि जुन्या पुण्याईवर कोणालाच जागा मिळत नाही.

आता सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर. १९४० साली लिथुआनियाकडून झेंडा गेला, जर्सी गेली, देशाचं नाव गेलं. पण काउनासचा हॉल उभा होता, त्यात शिकवणारे होते, आणि शिकायला येणारी मुलं होती. लुबिनासकडून शिकलेल्यांनी पुढच्यांना शिकवलं, त्यांनी त्यांच्या पुढच्यांना. ही साखळी पन्नास वर्षांत कुठेही तुटली नाही, म्हणून १९९२ला संघ शून्यातून उभा करावा लागला नाही. स्वातंत्र्यानंतर आपलं कर्तव्य काय, हे त्या पिढीला नेमकं उमगलं होतं. मार्चुल्योनिसनं १९९३ला देशाची व्यावसायिक लीग सुरू करण्यात पुढाकार घेतला, मुलांसाठी बास्केटबॉल शाळा काढली. साबोनिसनंही काउनासमध्ये शाळा काढली, आणि २०११पासून दहा वर्षं तो राष्ट्रीय संघटनेचा अध्यक्ष होता. त्याचा मुलगा दोमांतास अमेरिकेत जन्मला, एनबीएत खेळतो आणि लिथुआनियाच्या संघातही खेळतो.

आपल्याकडे ऑलिंपिक जवळ आलं की पदकांचे हिशेब सुरू होतात, आणि ते संपलं की विषयही संपतो. तालुक्याच्या गावात संध्याकाळी उघडा असणारा एक हॉल आणि तिथं रोज येणारा एक प्रशिक्षक यांचा हिशेब क्वचितच कोणी मांडतं. लिथुआनियाचा इतिहास मला सांगतो की पहिला खर्च तिथं करायचा. संघ वर्षाकाठी बदलतो, सरकारं बदलतात, त्या देशाच्या बाबतीत तर देशच बदलला. पण एका पिढीनं दुसऱ्या पिढीला नीट शिकवलेली गोष्ट काढून घेणं कोणत्याही सत्तेला जमलेलं नाही.

*(पुढील आठवड्यात : पहिला फुटबॉल विश्वचषक जिंकणारा उरुग्वे)*